एका हातानं उघडणारं शटर

राहुरीत आमच्या गल्लीच्या टोकाला चांगुणाबाई आणि त्यांचे पती श्रीमंत यांचं घर आहे. श्रीमंतांनी पंचवीस वर्षं टेम्पो चालवला. घोडेगावच्या बाजारात लोकांची जनावरं नेणं-आणणं हा त्यांचा धंदा. घर बांधताना त्यांनी पुढची एक खोली टेम्पोसाठीच काढली आणि तिला दुकानाला असतं तसं लोखंडी शटर बसवलं. त्या खोलीला घरातून दार नाही; जायचं-यायचं ते शटरमधूनच.

दोन वर्षांपूर्वी श्रीमंतांना अर्धांगाचा झटका आला. वाचा परत आली, काठीच्या आधारानं चालणं जमलं, पण डावा हात लुळाच राहिला. टेम्पो विकला. त्याच्या जागी मागं दोन जादा चाकं लावलेली, ब्रेक पायाशी घेतलेली स्कूटर आली. चांगुणाबाई घरी शिवणकाम करतात. रोज सकाळी मशीनवर बसण्याआधी त्या शटर उचलून द्यायच्या आणि श्रीमंत स्टँडजवळच्या टपरीवर जुन्या ड्रायव्हर मंडळींत जाऊन बसायचे. शटर मात्र दिवसेंदिवस जड होत चाललं होतं. शेवटी शेवटी तर बाईंना गुडघा लावून रेटावं लागायचं.

गेल्या मार्चात एका दुपारी चांगुणाबाई शिवलेले ब्लाऊज द्यायला गेल्या होत्या. श्रीमंतांना वाटलं, आज आपलं आपण उघडून बघू. उजव्या हातानं आणि खांद्यानं त्यांनी शटर कमरेपर्यंत नेलं आणि वाकून आत शिरले. आतून ढकलायला गेले तर ते तिरकं होऊन खाली आलं आणि अडकलं. बाई परतल्या तेव्हा काठी बाहेर भिंतीला टेकलेली होती आणि आतून खोकल्याचा आवाज येत होता. शेजारच्यांनी पहार घालून शटर उचकटलं. श्रीमंत घामानं निथळत स्कूटरवर बसले होते. दीड तास.

"हाक का न्हाई मारली?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"काय म्हनून मारू? स्वतःच्या घरात कोंडून घेतलं म्हनून?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी टपरीवर जाणं सोडलं. बाई उघडून द्यायला निघाल्या तरी म्हणायचे, "राहू दे. आज मन न्हाई."

चार दिवस बाईंनी हे बघितलं आणि शटरच्या फिटरला, हनुमंतला, फोन लावला. तो परगावी कामावर होता.

"काकू, आठ दिवस तरी लागतील मला."

"तवर मी काय करू ते सांग."

"वरच्या गुंडाळीत स्प्रिंग असती, तिला अजिबात हात लावू नका. ती ताणलेली हाय, सुटली तर हाड मोडंल. बाजूची चॅनेलं साफ करा, तेवढं तुमाला जमंल."

चॅनेल म्हणजे शटरच्या कडा ज्यातून वर-खाली सरकतात त्या दोन उभ्या खोबणी. बाईंनी स्टूल घेतलं आणि आत बोट घातलं. डांबरासारखा काळा, कडक थर हाताला लागला. श्रीमंत दर दसऱ्याला इंजिनातलं काढलेलं तेल तिथं ओतायचे. त्यावर उसाच्या गाड्यांची धूळ वर्षानुवर्षं बसत गेली होती. कोपऱ्यात कुंभारीण माशीनं मातीचं घरही केलं होतं.

श्रीमंत उंबऱ्यात बसून बघत होते. "अगं, खरवडती काय? तेल घाल. तेलाबिगर लोखंड चालत न्हाई."

"माझ्या मशीनला तेल जास्त झालं की दोऱ्याचा कीस चिकटतो आन् ती अडती. हितं धूळ चिकटलीय. तेच झालंय."



जुन्या उलथन्यानं खरवडून, डिझेलात भिजवलेल्या चिंध्यांनी पुसून एक बाजू साफ व्हायला पूर्ण सकाळ गेली. दुसरी बाजू दुसऱ्या दिवशी. मग कोरड्या खोबणीतून त्यांनी मेणबत्ती घासली. शटर बरंच हललं, पण गुडघ्याएवढ्या उंचीवर येऊन अडायचं. तिथं चॅनेल आत दबलं होतं. कधीकाळी टेम्पोचा बंपर लागला असणार. बाई हातोडी घेऊन ठोकायला लागल्या.

"तशानं वाकडं हुईल," श्रीमंत म्हणाले. "आतून ठोक. आन् बाहेरून लाकूड धरायला पायजे."

"माझे दोन्ही हात हातोडीला लागत्यात. लाकूड कोन धरनार?"

 श्रीमंत काठी टेकत उठले, बाहेर गेले आणि उजव्या हातानं लाकडाचा ठोकळा चॅनेलला दाबून धरला. "हं, मार. हळू. आता थोडं वर." तासाभरात चॅनेल सरळ झालं. त्या दिवशी दोघं जेवायला बसले ते थेट तीन वाजता.

नवव्या दिवशी हनुमंत आला. त्यानं स्प्रिंगला पीळ दिला, बाजूला सरकलेल्या दोन पट्ट्या जागेवर बसवल्या आणि चॅनेलवरून हात फिरवला.

"हे कुनी सरळ केलं?"

"आमी दोघांनी," चांगुणाबाई म्हणाल्या.

"मग काका, उचला आता तुमीच."

श्रीमंतांनी खालच्या कडीत उजवा हात घातला आणि सवयीनं दात आवळून जोर लावला. शटर छातीपर्यंत आलं आणि पुढं स्प्रिंगच्या ओढीनं आपोआप वर गेलं. त्यांनी ते खाली ओढलं आणि परत उचललं. मग तिसऱ्यांदा. हनुमंत हसला, पण बाई हसल्या नाहीत. त्या पदरानं डोळे पुसत आत चहा ठेवायला गेल्या.

आता महिन्यातून एकदा दोघं मिळून चॅनेलं पुसतात. श्रीमंत रोज आपले आपण बाहेर पडतात. टपरीवर बसून ते नव्या ड्रायव्हरांना घोडेगावची भाडी जुळवून देतात. कुणाच्या गोठ्यातून किती जनावरं जायची आहेत हे त्यांना अजून तोंडपाठ आहे. फोन सारखा वाजत असतो. जेवायला यायला उशीर होतो म्हणून चांगुणाबाई कुरकुर करतात. पण दुपारी आमच्याकडे आल्या की कुणी न विचारता सांगतात, "आज पन आले न्हाईत बघा अजून."