हॉलच्या गोष्टीतून गाळलेली बाई

आमच्या मंडळाला हॉल कसा मिळाला ही गोष्ट मी आजवर स्टेजवरून सांगितली, दिवाळी अंकात लिहिली, भारतातून नव्याने आलेल्या मुलांना हॉल दाखवायला नेताना गाडीत ऐकवली. दर वेळी तिच्यातून एक बाई मी गाळली. विसरलो म्हणून नाही. तिचा उल्लेख आला की पुढचंही सांगावं लागणार, आणि पुढचं सांगायची माझी तयारी नव्हती. यंदा संपादकांनी पुन्हा तीच गोष्ट मागितली. ऐंशीला टेकलेल्या माणसाने आणखी किती टाळायचं?

ती आमची शेजारीण. न्यू जर्सीत, पार्सिपनीतल्या आमच्या टाऊनहाउसची आणि तिच्या घराची भिंत एकच. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ती रक्त तपासायचं काम करायची. नवऱ्यापासून घटस्फोट झालेला, पदरी दुसरीतली मुलगी. शाळा सुटल्यापासून आई परत येईपर्यंत ती मुलगी आमच्याकडे असे. आमची मुलं तोवर घराबाहेर पडली होती. पुन्हा कुणाची तरी वेणी घालायला मिळते याचाच माझ्या बायकोला आनंद. मुलगी तिला ‘काकू’ म्हणायची आणि मला ‘मिस्टर काकू’.

शेजारीण विकन आहे, हे तिनेच आम्हाला सांगितलं. विक्का हा तिचा धर्म; लोक त्याला चेटूक म्हणतात. त्यात चंद्राची, ऋतूंची पूजा, वर्षाकाठी आठ सण. घरात एका टेबलावर मेणबत्त्या, मीठ, पाणी आणि लाकडी मुठीची एक सुरी असायची. पूजेआधी त्या सुरीने ती हवेत रिंगण आखायची. ती सुरी मी हातात घेऊन पाहिली होती. लोणी लावायच्या सुरीइतकी बोथट.

गळ्यात पाच टोकांची चांदणी घालायची, तिच्या धर्माची खूण. त्यावरून लॅबमध्ये कुणीतरी तक्रार केली. रुग्णांना भीती वाटेल, काढून ठेव, असं तिला सांगण्यात आलं. लॅबमध्ये रुग्ण येतच नसत, आणि क्रॉस घातलेल्या बायकांना कुणी काही म्हणत नसे. तिने नियम वाचून काढले, वरच्या ऑफिसात गेली, आणि चांदणी परत गळ्यात आली.

“कायदा माझ्या बाजूचाच आहे,” ती बायकोला म्हणाली, “फक्त दर वेळी त्याला झोपेतून उठवायला मलाच जावं लागतं.”

हॅलोविनला गल्लीतली पोरं चेटकिणीच्या टोप्या घालून तिच्या दारात यायची. ती हसायची. “माझ्या धर्माची टिंगल करतात, आणि वर चॉकलेटही माझ्याकडेच मागतात!”

त्याच संध्याकाळी तिचा पितरांचा सण असे. एका वर्षी तिने आम्हाला बोलावलं. जेवणाच्या टेबलावर एक खुर्ची रिकामी ठेवून तिच्यासमोर ताट मांडलं होतं. गेलेल्या आईसाठी. बटाट्याचा लगदा, ॲपल पायचा तुकडा, काळी कॉफी आणि करपलेला टोस्ट.

“ग्रँडमाला जळकाच टोस्ट आवडायचा,” मुलगी म्हणाली. “मॉमने तीनदा जाळला. पहिले दोन नीट जळलेच नाहीत.”

माझ्या बायकोने त्या खुर्चीला हात जोडले. घरी आल्यावर म्हणाली, “अहो, हे तर आपलं पानच की. आपण वडे ठेवतो, ती टोस्ट ठेवते.” मीही हो म्हणालो. मला ते तेव्हाच समजलं होतं, एवढं इथे नोंदवून ठेवतो.

पुढच्या वसंतात हॉलची सुनावणी आली. मंडळाने एक बंद पडलेलं फर्निचरचं दुकान घ्यायचं ठरवलं होतं. गणपती, भजन, मुलांची मराठी शाळा, सगळं तिथे करायचं. त्यासाठी टाऊनशिपची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, परवानगी हवी होती. मंडळाच्या वतीने बोलायला मी उभा होतो. वकिलाने बजावलं होतं की फक्त पार्किंगवर बोला, देवाचं नाव काढू नका. विरोध करणारेही पार्किंगवरच बोलत होते. मग एक गृहस्थ उठून म्हणाले, “त्या मूर्तीसमोर हे लोक आत नक्की काय करणार आहेत, ते आम्हाला कळायला हवं.” सभागृहात टाळ्या पडल्या. मी हातातल्या नकाशाकडे बघत राहिलो.

तेव्हा मागच्या रांगेतून ती उठली. मी तिला बोलावलं नव्हतं. कामावरून तशीच आली होती. माइकपाशी जाऊन तिने सांगितलं, “मी या लोकांची शेजारी आहे. मी विकन आहे. आम्ही आत काय करतो असं मलाही लोक विचारतात. या देशात परवानगी देण्याआधी हे विचारायचा हक्क कुणालाच नाही. मलाही नाही, तुम्हालाही नाही.” मग टाऊनशिपच्या बोर्डाच्या अध्यक्षांकडे वळून म्हणाली, “आता पार्किंगचं बोलू या.”

सगळे हसले, आणि हवा पालटली. आम्हाला वर्षभरापुरती परवानगी मिळाली. पक्की नंतर व्हायची होती.

बाहेर आल्यावर मी तिचे आभार मानायला निघालो, तेवढ्यात आमचा सेक्रेटरी आडवा आला. नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला, मनाने वाईट नाही.

“काय यार काका! चेटकीण आपली वकील झाली का?”

“अरे, ती आपल्याच बाजूने बोलली ना.”

“बोलली हो. पण आता पेपरात काय छापून येईल? हिंदू आणि विच, जॉइंट व्हेंचर! पर्मनंट परवानगी बाकी आहे काका. तिला जरा लांबच ठेवा.”

मी हसलो. आभार मानायचे राहून गेले.

सुनावणीचा व्हिडिओ टाऊनशिपच्या वेबसाइटवर गेला. तिच्या घटस्फोटित नवऱ्याने तो उतरवून घेतला. तिचा धर्म त्याला आधीपासून माहीत होता, पण आता कोर्टाला दाखवायला हाती काहीतरी आलं. तो स्वतः एका चर्चमध्ये जाऊ लागला होता, दुसरं लग्न झालं होतं. मुलगी आपल्याकडे राहावी म्हणून त्याने अर्ज केला. कारण काय, तर आई पोरीला चाकू, मंत्र आणि मेलेल्यांच्या संगतीत वाढवते आहे.

ती आमच्याकडे आली तेव्हा चेहरा उतरलेला होता, पण बोलणं नीट होतं. निव्वळ आईच्या धर्मावरून जज्ज मूल काढून घेऊ शकत नाही, असं तिच्या वकिलाने सांगितलं होतं. मुलीला त्यातून इजा होते आहे, हे दाखवावं लागतं. कोर्ट एक बाई नेमणार होतं. ती घर बघणार, शाळेत जाणार, शेजाऱ्यांशी बोलणार.

“तुम्ही तिला रोज बघता,” ती मला म्हणाली. “जे बघता तेवढंच सांगा. जास्त काही नको.”

“ऑफ कोर्स,” मी म्हणालो.

कोर्टाची बाई आली तो दिवस नेमका पितृपंधरवड्यातला, माझ्या आईच्या तिथीचा. सकाळीच मागच्या दाराबाहेरच्या लाकडी डेकवर पान ठेवलं होतं. वरण-भात, वडे, खीर, भोपळ्याची भाजी. आमच्याकडे कावळा क्वचितच येतो. खार येते आणि वडा पळवते. “न्यू जर्सीतले पितर शेपटीवाले,” असं बायको म्हणायची.

बाई समोर बसली. सभ्य होती, हळू बोलणारी. प्रश्न सुरू करण्याआधी तिचं लक्ष काचेच्या दारातून बाहेर गेलं.

“बाहेर ती प्लेट कसली आहे?”

तिने सहज विचारलं होतं. पण मला एकदम ते सुनावणीचं सभागृह दिसलं, हे लोक आत काय करतात म्हणणारे गृहस्थ दिसले, पक्की न झालेली परवानगी दिसली.

“पक्ष्यांसाठी,” मी म्हणालो. “आम्ही पक्ष्यांना खाऊ घालतो.”

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज चालला होता, तो थांबला.

एकदा ते बोलून गेल्यावर पुढचं सोपं झालं. शेजारणीच्या घरी कधी धार्मिक विधी पाहिले का? हो, पाहिले. कसले? मेलेल्या आईला ताट वाढतात. मुलगी तिथे होती? समोरच बसली होती. चाकू? हो, टेबलावर असतो. तुम्हाला काय वाटलं? मी म्हणालो, “मी इंजिनिअर आहे. आमच्या घरात शास्त्रीय दृष्टिकोन आहे. असल्या गोष्टींपासून मुलांना दूर ठेवलेलं बरं, असं माझं मत.”

त्यातला एकेक शब्द खरा होता, आणि सगळं मिळून धादांत खोटं. सुरी बोथट आहे, हे मी सांगितलं नाही. टोस्टची गोष्ट सांगताना पोर कशी खिदळत होती, तेही नाही. मुलगी कशी आहे, असं तिने शेवटी विचारलं. मी म्हणालो, “शांत आहे.” आमच्या घरात तिच्याइतकी बडबड दुसरं कुणी करत नसे.

बाई गेली. बायको हात पुसत बाहेर आली आणि डेककडे बघत उभी राहिली.

“स्वतःच्या आईला पक्षी केलंत,” ती म्हणाली. “आणि त्या पोरीच्या आईला?”

“तुला नाही कळणार. हॉलचं सगळं अडकलंय.”

“मग मी सांगते. बोलवा त्या बाईला परत.”

मी बोलावलं नाही. तिने स्वतः फोन करून निरोप ठेवला. नोंदी पूर्ण झाल्या आहेत, असं उत्तर आलं.

अहवालात माझा उतारा होता. स्वतः अल्पसंख्य धर्मातला, सुशिक्षित शेजारी, असं वर्णन होतं. माझ्या शब्दांना वजन आलं ते त्यामुळे. मी त्या नवऱ्याच्या चर्चमधला कुणी असतो, तर कोर्टाने ते हलकंच धरलं असतं. जज्जपुढे तात्पुरता निकाल लागला, की शाळेचे दिवस मुलीने वडिलांकडे राहायचं. वर अपील केलं तर तू जिंकशील, वकील तिला म्हणाला. पण त्याला किती काळ लागेल, ते त्याला सांगता येईना. तिने तडजोड केली. मुलगी आईकडे परत येणार, पण कुठल्याही पूजेत बसणार नाही, आणि हॅलोविनचा आठवडा वडिलांकडे काढेल. तिने सही केली.

“मी तत्त्वाची लढाई जिंकले असते,” ती बायकोला सांगत होती, “आणि तोवर ती मोठी होऊन गेली असती.”

मी जिन्यावर उभा राहून ऐकत होतो. खाली उतरलो नाही. मला तिने कधी जाब विचारला नाही. दिसली की हात करायची, पण मुलगी आमच्याकडे यायची थांबली. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी घर बदललं. त्याच सुमारास आमची परवानगी पक्की झाली. उद्घाटनाला मी भाषण केलं आणि धर्मस्वातंत्र्यावर बोललो. बायको पहिल्या रांगेत होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत.

दोन वर्षांपूर्वी बायको गेली. अंत्यदर्शनाला लोक रांगेने येत होते, आणि रांगेत त्या दोघी दिसल्या. आईचे केस पांढरे झालेले, मुलगी माझ्यापेक्षा उंच. मुलीने वाकून बायकोच्या पायांना हात लावला. हे तिला कुणी शिकवलं होतं, ते मला माहीत आहे. मग माझ्याजवळ येऊन म्हणाली, “शी वॉज माय काकू टू.”

आईने माझा हात हातात धरला. मी वर्षानुवर्षं वाक्यं जुळवली होती, इंग्रजीत. पण इथे सॉरी हा शब्द दुकानात ढकलगाडीला ढकलगाडी लागली तरी म्हणतात. तो त्या वेळी तोंडावर आला आणि फार हलका वाटला. मागून सेक्रेटरी म्हणाला, “काका, रांग खोळंबलीय.” मी म्हणालो, “थँक यू फॉर कमिंग. ट्रॅफिक फार नव्हतं ना?”

“नाही,” ती म्हणाली, आणि थोडी थांबली. मी काही बोलेन, असं तिला वाटलं असावं. मग त्या दोघी पुढे सरकल्या.

तेव्हा जे बोलायचं होतं ते हे. तुझी मुलगी तुझ्या घरात सुखात होती. मला ते रोज दिसत होतं. तू माझ्या देवासाठी उभी राहिलीस, आणि मला फक्त जे बघितलं तेवढं सांगायचं होतं. मी ते सांगितलं नाही. माझं चुकलं. मला माफ कर.