पायातल्या रुपयासाठी दोन यंत्रं

होळीच्या आदल्या आठवड्यातला रविवार, सकाळ. बाळकुममधलं आत्याचं घर. हजर: आत्या, तिचा मुलगा, माझा नवरा आणि मी.

घर रिकामं झालं होतं, फरशाही उचलल्या होत्या. मंगळवारी बिल्डरचा जेसीबी येणार होता. त्याआधी आत्याला एकच वस्तू हवी होती, पाया भरताना पुरलेला राजाछाप चांदीचा रुपया. नवी सून म्हणून सासऱ्यांनी तो तिच्या हातानं ठेववून घेतला होता. त्याच्याशिवाय ती भाड्याच्या खोलीत जायला तयार नव्हती.

"राडारोड्यात गेला तर घर बी गेला," ती म्हणाली.

रुपया आग्नेय कोपऱ्यात होता, पण मूळ घर एकाच खोलीचं. नंतर पुढे पडवी आली, मागे स्वयंपाकघर, बाजूला भाडेकरूंच्या खोल्या. तो जुना कोपरा आता नेमका कुठे, हे आत्यालाही सांगता येईना. सगळीकडे खणत बसायला वेळ नव्हता.

आतेभावानं एका ठेकेदाराकडून मोठ्या तबकडीचा मेटल डिटेक्टर आणला होता. "ताय, हा पुरुषभर खोल बघतो. तुझं खेळणं ठेव बाजूला."

माझं खेळणं म्हणजे ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचा लहान डिटेक्टर. तो सुट्टीत किनाऱ्यावर लोकांच्या हरवलेल्या अंगठ्या शोधून देतो. मी म्हटलं, आधी परीक्षा. आमच्या देव्हाऱ्यातला चांदीचा रुपया मी मुद्दाम बरोबर आणला होता. तो अंगणात वीतभर खाली पुरला आणि शेजारी दोन गंजके खिळे टाकले.

मोठं यंत्र रुपयावर ओरडलं. खिळ्यांवरही तसंच ओरडलं, आणि काही नव्हतं तिथंही. खाडीकाठची खारट माती, त्यात वर्षानुवर्षं याच अंगणात मासेमारीची जाळी दुरुस्त झालेली, म्हणजे शिशाच्या गोळ्या जिथे तिथे. या सगळ्याचा मिळून एकच भोंगा. शिवाय वजन इतकं, की नवरा थोड्याच वेळात हात बदलू लागला. लहान यंत्राला खाऱ्या मातीची सवय करून देता येत होती. त्याची तबकडी बशीएवढी, त्यामुळे खिळा आणि रुपया यांचे आवाज वेगवेगळे आले, लोखंडाचा जाड, चांदीचा बारीक. आपल्याला हवं ते दोन-तीन वितींत होतं. पुरुषभर खोलीचा उपयोग काय?

"घे, जिंकलीस," आतेभाऊ म्हणाला. "आता काढून दाखव."

मी आमचा रुपया उकरून घेतला, लोखंड गाळायचं बटण दाबलं, म्हणजे खिळ्यांचा त्रास नको, आणि जुनी खोली जिथे असावी तिथून पट्ट्या आखून सुरुवात केली. जेवणाची वेळ झाली तरी दोन-चार शिशाच्या गोळ्या सोडल्या तर यंत्र गप्पच.

"एवढी शांतता मला घरी कधी मिळाली नाही," नवरा म्हणाला. मी त्याच्या हातात फावडं दिलं.

कुठेतरी माझंच चुकत होतं. मी यंत्र खाली ठेवलं आणि आत्याजवळ जाऊन बसले. "आत्या, रुपयाबरोबर अजून काय ठेवलेलंस?"

"काय ठेवनार? हळद, कुकू, सुपारी. वरती होडीचा खिळा."

"खिळा?"

"मंग! होडीचा खिळा नाय ठेवला तर घराला नजर लागते."

"अगं, मग सकाळी का नाही सांगितलंस?"

"तू रुपया इचारलास. खिळा कुठं इचारलास?"

हाताएवढा खिळा रुपयावर आडवा, आणि मी यंत्राला बजावलेलं, की लोखंड दिसलं तर गप्प बस. त्यानं बिचाऱ्यानं तेच केलं होतं.

बटण बंद केलं. आता पुन्हा खिळ्यांची कटकट सुरू झाली, पण इलाज नव्हता. त्याच पट्ट्या, या वेळी निम्म्या वेगानं. प्रत्येक जाड आवाजावर थांबायचं, काटकोनात वळून दुसऱ्या बाजूनं ऐकायचं. आतेभाऊ थट्टा विसरून माझ्यापुढची माती सारखी करू लागला. पाण्याच्या टाकीच्या ओट्याजवळ जाड आवाजाच्या शेपटाला बारीक आवाज आला. वळून ऐकलं, पुन्हा आला.

नवऱ्यानं खणलं. आधी खिळा निघाला, गंजून फुगलेला. त्याखाली काळा पडलेला रुपया. आत्यानं तो पदरानं पुसला, कपाळाला लावला आणि म्हणाली, "आता नव्या घराच्या पायात."

नवं घर सातव्या मजल्यावर असणार आहे. "डब्यात ठेवू, देव्हाऱ्यात ठेवू," आतेभावानं सुचवून पाहिलं. आत्याचं उत्तर एकच, "रुपया जमिनीत र्‍हातो."

तेव्हा सोमवारी मी बिल्डरच्या इंजिनिअरला फोन केला. पायाचं काँक्रीट ओतायच्या आधी आग्नेयेच्या खांबाच्या खड्ड्यापर्यंत आत्याला येऊ द्या, एवढीच मागणी. तो "बघू" म्हणाला. माझ्या यादीत "बघू"वर टिक होत नाही. त्यानंतरही फोन केले, एकदा साइटवर जाऊनही आले. आत्यानं सांभाळायला दिलेला रुपया तोवर माझ्या कपाटात आहे. खड्डा अजून खणायचा आहे आणि परवानगी अजून घ्यायची आहे.