हात कुणी सैल सोडला?

कॅरलचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. आमच्या रोइंग क्लबची सगळी व्यवस्था बघणारी ही कॅरल शनिवारी सकाळी उगाच फोन करणाऱ्यांतली नाही. "डीलिया गेली," ती म्हणाली. पहाटे एकटीच बोट घेऊन तळ्यावर गेली होती, परत आली, बोट धुऊन पुसून जागेवर ठेवली आणि लाकडी धक्क्यावर टेकली, ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. मी विचारलं, "नक्की?" फोन ठेवल्यावर मिलिंद, माझा नवरा, माझ्याकडे बघतच राहिला. "अगं, माणूस गेल्याचं कळल्यावर 'नक्की' काय विचारतेस?" आता त्याला काय सांगणार... इतकी वर्षं आमच्या प्रशिक्षक डीलिया टार्लिंगच्या हाताखाली काढलेल्या माणसाच्या तोंडून दुसरं काय निघणार? समोर दिसतं तेवढ्यावर भागवायचं नाही, हे त्या बाईनं माझ्या अंगात भिनवलं होतं. पुढे कॅरलकडूनच कळलं, की जानेवारीत डीलिया हृदयाच्या डॉक्टरांकडे जाऊन आली होती. कुणाला बोलली नव्हती. मग त्या पहाटे ती सगळं माहीत असून पाण्यात गेली का? या गोष्टीला आता काही आठवडे झाले, पण हा प्रश्न डोक्यातून जात नाही.

डीलिया एके काळची ब्रिटनची विजेती. उत्तर इंग्लंडमधल्या एका गिरणगावातल्या बस ड्रायव्हरची मुलगी. तिथल्या नदीवरच्या क्लबात बायकांना कपडे बदलायला जागा नव्हती, म्हणून बोटींच्या शेडमागे आडोसा धरून बदलायच्या. तिथून ती देशातली पहिल्या नंबरची रोइंगपटू झाली, एकदा नाही, लागोपाठ काही वर्षं. परदेशातल्या शर्यतींतही पदकं मिळवली. हे सगळं मला फार नंतर कळलं. २००१ साली मी सांगलीहून नॉर्थ कॅरोलिनात संख्याशास्त्रात पीएच.डी. करायला आले, तेव्हा मला वल्हं कुठल्या टोकानं धरतात हेही ठाऊक नव्हतं. कॅरी गावाजवळच्या एका तळ्याकाठी मी सकाळी फिरायला जायची. अकरा सप्टेंबरचे हल्ले नुकतेच होऊन गेले होते, आणि रस्त्यात लोक आमच्यासारख्या सावळ्या चेहऱ्यांकडे जरा जास्तच वेळ बघायला लागले होते. अशा दिवसांत एक सहा फुटी गोरी बाई समोर येऊन उभी राहते आणि विचारते, "तुझं वजन किती?" ... मला वाटलं, ही पोलिसांतली असणार. मी भीत भीत आकडा सांगितला. "ओरडता येतं?" तिनं पुढे विचारलं. मी म्हटलं, "माझ्या आईला विचारा." ती हसली नाही. म्हणाली, "उद्या सहाला ये. आम्हाला कॉक्स हवी आहे."

कॉक्स म्हणजे बोटीचं सुकाणू धरणारी. रोइंगमध्ये वल्हवणाऱ्या सगळ्या जणी जायच्या दिशेला पाठ करून बसतात. पुढे काय आहे ते दिसतं फक्त कॉक्सला. ती हलकी हवी, कारण ती बोटीवरचं ओझंच असते, आणि तिला खच्चून ओरडता यायला हवं. मी दोन्हींत बसत होते. महिन्याभरातच मी चार धिप्पाड अमेरिकन बायकांसमोर बसून त्यांना दरडावायला लागले. सांगलीत कळलं असतं तर कुणाचा विश्वास बसला नसता!

एका सकाळी मी सरावाच्या आधी धरणाच्या भिंतीशी उभी राहून वारा कुठून येतोय ते बघत होते. तेवढ्यात पोलिसांची गाडी आली. गळ टाकून बसलेल्या कुणीतरी कळवलं होतं म्हणे, की एक परदेशी बाई रोज येऊन धरण न्याहाळते. पोलिसानं ओळखपत्र मागितलं. माझा पासपोर्ट घरी. तेवढ्यात डीलिया गुडघाभर पाण्यातून तशीच चालत आली. "ही माझी कॉक्स आहे," ती पोलिसाला म्हणाली. "आपण कुठे चाललोय ते माझ्या बोटीत हिला एकटीलाच दिसतं. आता तुझं नाव आणि बिल्ला दाखव. तू खरा पोलीस आहेस हे मला कसं कळणार?" त्यानं मुकाट्यानं दाखवलं! तो गेल्यावर मी तिचे आभार मानायला लागले, तर म्हणाली, "आभार कसले? मला खरंच शंका आली होती."

अशी ती होती. तिच्या संशयातून कुणी सुटायचं नाही. हवामानखातं नाही, घड्याळ नाही, दुकानातला ताजा मासा नाही. सरावाला तिनं मला पहिला धडा दिला तो हाच. "त्यांच्या चेहऱ्याकडे बघू नकोस. चेहरे फसवतात. धापा टाकायचं सोंग कुणालाही करता येतं. वल्हं पाण्यातून निघालं की मागे भोवरा राहतो, तो बघ. जोर लावलेला असला की भोवरा खोल असतो, बराच वेळ फिरतो. हात सैल सोडला की तो लगेच विरतो." मी बघायला शिकले. कोण झोप न होता आलीय, कोण नवऱ्याशी भांडून आलीय, सगळं मला पाण्यावर दिसायला लागलं.

ती असं का शिकवते, ते समजायला दोन वर्षं गेली. शर्यतींसाठी आम्ही लांबलांब जायचो. गाडीवर बोट बांधलेली, डीलिया चालवणार, मी शेजारी. हायवेवर तिची जीभ सुटायची. तिनं मला सीट रेसची गोष्ट सांगितली. संघात एकच जागा उरलेली असते आणि दावेदार दोघी. मग दोन बोटी घेतात, प्रत्येकीत चौघी. शर्यत लावतात. नंतर त्या दोन दावेदारांची बोटींत अदलाबदल करायची आणि पुन्हा शर्यत. बाकीच्या त्याच असतात, तेव्हा निकालात जो फरक पडेल तो या दोघींतला, असा हिशेब. "पण बाकीच्यांनी प्रामाणिकपणे ओढलं तरच," डीलिया म्हणाली. तिच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेच्या आधी तिची एका नव्या मुलीशी अशी सीट रेस लावली होती. ज्या बोटीत डीलिया आधी बसली, तिच्यात पॅट होती. पॅट म्हणजे तिची जिवलग मैत्रीण. दोघी एकाच फ्लॅटमध्ये राहायच्या, एका भांड्यात शिजवून खायच्या. "बोट जड लागत होती," डीलिया सांगत होती. "मी जीव तोडून ओढत होते आणि बोट उचलतच नव्हती. मग अदलाबदल झाली. ती मुलगी माझ्या जागेवर बसली आणि तीच बोट सुसाट गेली." डीलियाला वगळलं. तिनं फ्लॅट सोडला, पुढे देशही सोडला आणि प्रशिक्षक म्हणून अमेरिकेत आली. पॅटशी पुन्हा एक शब्द बोलली नाही. मी विचारलं, "तुला काय वाटतं, पॅटनं हात सैल सोडला?" तिनं आरशात बघून लेन बदलली. "आमच्या बोटीतली कॉक्स झोपाळू होती," एवढंच म्हणाली.

नंतर आमच्या क्लबातही एकदा तशीच वेळ आली. एका जागेसाठी केली नावाची एक मुलगी आणि शॅनन अशा दोघी होत्या. शॅनन डीलियाची लाडकी. डीलियानं सीट रेस लावली, मनासारखा निकाल आला नाही, म्हणून पुन्हा लावली. तिसऱ्यांदाही शॅननच हरली. मुली चिडल्या. डीलियानं मला बाजूला घेतलं. "कुणी हात सैल सोडला?"

"कुणीच नाही," मी म्हटलं. "मी सगळे भोवरे बघितले. शॅनन कमी पडली."

"त्यांनी तुला फितवलं का?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, "मी दिसलं ते सांगितलं. तुला नसेल ऐकायचं तर दुसरी कॉक्स बघ." आणि घरी निघून आले. सरावाला जाणं बंद केलं. एका रविवारी दुपारी दारात ही उभी. मी थालीपीठ लावत होते. आत आली, झाकण उघडून तव्यात काय आहे ते वाकून बघितलं, "यात काय काय घातलंय?" म्हणून चौकशी केली, आणि तीन थालीपिठं लोण्याबरोबर खाल्ली. माफी मागितली नाही. जाताना दारात म्हणाली, "बोटीत केली बसेल. उद्या सहाला." ... त्या उन्हाळ्यात आमची बोट जिंकली. डीलियानं सगळ्यांची पाठ थोपटली, पण ती आनंदात होती असं मला वाटलं नाही. हरणारी कधीकधी खरंच कमी पडते, हे तिला माझ्या तोंडून ऐकावं लागलं होतं.

माझ्या बाळंतपणासाठी आई आली, तेव्हा डीलिया बाळाला बघायला आली होती. आईला इंग्रजी येत नव्हतं, पण तिनं डीलियाचा हात हातात घेऊन तळव्यावरचे घट्टे दाबून बघितले. "हिनं जन्मभर जातं ओढलंय की काय गं?" आणि ती गेल्यावर, "एवढी मोठी बाई, हिचं मागेपुढे कुणीच कसं नाही? काहीतरी असणार." आईची शंकाही काही कमी नव्हती.

एप्रिलमध्ये बोटहाउसवर डीलियाची शोकसभा झाली. पाइनच्या परागांची पिवळी भुकटी सगळ्या गाड्यांवर, बोटींवर बसली होती. कॅरलनं इंग्लंडमधल्या तिच्या जुन्या क्लबला कळवलं होतं, कुणी येईल असं मात्र वाटलं नव्हतं. एक उंच, पांढऱ्या केसांची बाई मागच्या रांगेत येऊन बसली. तिनं नाव सांगितलं, पॅट... सगळा वेळ माझं लक्ष तिच्यावरच. ती रडली, मला वाटलं दाखवायला रडतेय. रडायची थांबली, तर वाटलं, बघा, आटपलं लगेच. डीलियाचं घर आवरायचं काम कॅरलनं माझ्यावर सोपवलं होतं. पॅट म्हणाली, "मी मदतीला येऊ का?" मला नाही म्हणता आलं नाही.

दुपारी आम्ही दोघी डीलियाच्या स्वयंपाकघरात होतो. ती भांडी धूत होती, मी पुसून खोक्यात भरत होते. शेवटी मला राहवलं नाही. "त्या सीट रेसमध्ये तुम्ही हात सैल सोडला होता का?"

तिनं नळ बंद केला. मागे वळली नाही. "हो," ती म्हणाली.

मी हातातली बशी खाली ठेवली.

"पण डीलिया असताना नाही," ती पुढे म्हणाली. "ती होती तेव्हा मी आयुष्यात ओढलं नाही इतकं ओढलं. दुसरी मुलगी येऊन बसली, तेव्हा मी हात सैल सोडला. डीलियाला जागा मिळावी म्हणून. तरी ती बोट पुढे गेली." थोड्या वेळानं म्हणाली, "ती मुलगी तेवढी चांगली होती. आणि डीलियाची पाठ तेव्हा दुखत होती. ती कुणाला सांगायची नाही."

मी विचारलं, "हे तिला का नाही सांगितलं?"

"काय सांगू? की मी तुझ्यासाठी लबाडी केली आणि तरीही तू हरलीस? तिनं मला एकदा विचारलं असतं तर... तिनं विचारलंच नाही. दार लावून घेतलं."

"विचारलं असतं तर खरं सांगितलं असतंत?"

खिडकीबाहेर तळ्यावर रानहंसांचा कलकलाट चालला होता. "नाही," ती म्हणाली. "म्हटलं असतं, हो, मी तुला दगा दिला. ती मला शिव्या घालून मोकळी झाली असती. आपण कमी पडलो, असं तिला आयुष्यभर वाटलं नसतं."

मी तिच्या पाठीकडे बघत राहिले. ही बाई डीलियाशी खोटं बोलायला तयार होती, मग माझ्याशी खरं बोलत असेल कशावरून? मेलेल्या माणसाच्या मैत्रिणीपुढे आपली बाजू धुऊन काढायला एवढ्या लांब आली नसेल कशावरून? डीलिया असती तर तिनं हेच विचारलं असतं. आणि डीलिया असती, तर उत्तर ऐकायला थांबली नसती, हेही मला तिथेच उमगलं.

भांडी झाली. पॅटनं हात पुसले, ओला टॉवेल पिळला, लांबट तीन घड्या घातल्या आणि नळाच्या मानेवर असा टाकला, की दोन्ही टोकं सारखी लोंबतील. डीलिया तो रोज अस्साच टाकायची. मी कितीदा तिची थट्टा केली होती, की टॉवेल आहे का देशाचा झेंडा? त्या जुन्या फ्लॅटमधल्या नळावर पहिल्यांदा तशी घडी कुणी घातली असेल, कुणी कुणाचं बघून उचललं असेल... पॅट माझ्याकडे बघत होती. मी काहीतरी विचारेन, अशा नजरेनं.

मी विचारलं नाही. खोका बंद केला आणि टॉवेल तिथेच राहू दिला.