पेंटरमामांच्या बाटल्या

'नाही' हा शब्द झकास रंगवता येतो, पण तोंडातून काढता येत नाही, असा एकच माणूस डिचोलीने पाहिला. आमचे शेजारी पेंटरमामा! भाषेच्या वादात सकाळी मराठीवाल्यांचे फलक आणि संध्याकाळी त्याच ओट्यावर कोकणीवाल्यांचे. दोन्हीकडचे जाब विचारायला आले, तर दोघांनाही चहा-पाव. साखळीला निघालेले मामा एकदा वाळपईला पोचले, कारण तिकडच्या बसच्या कंडक्टरने प्रेमाने हाक मारली. "येवढ्या मोगान आपयलो रे," म्हणाले, "ना कशें म्हणूं?"

त्यांच्या हाताला कंप सुटला. पणजीच्या डॉक्टरांनी पार्किन्सन सांगून गोळ्या दिल्या. महिनाभर हात सुधारला, मग पुन्हा थरथर. तेव्हाच गोवा घटकराज्य झालं होतं आणि मामलेदार कचेरीची पाटी नव्याने रंगवायची होती. "'गोवा राज्य' ही अक्षरं दुसऱ्या कुणी काढली तर मी बाजारात तोंड दाखवायचो नाही," असं मामा म्हणाले आणि त्यांच्या हातातला कप बशीवर वाजायला लागला.

मी त्यांना पुन्हा पणजीला नेलं. "गोळीबरोबर आणखी काय घेता?" डॉक्टरांनी विचारलं. मामा छताकडे बघायला लागले! आणणाऱ्यांची नावं कशी सांगायची? आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातांनी जाणं म्हणजे लाज. पूर्वी लोक केळी न्यायचे, आता टॉनिक. मामांच्या फळीवर बाटल्यांची रांग, प्रत्येकीवर देणाऱ्याचं नाव रंगवलेलं. तो पुन्हा आला की त्याची बाटली खाली काढायची, त्याच्यादेखत चमचाभर घ्यायचं. अहो, ही काय रीत झाली? मी दोन बाटल्या पिशवीत घालून नेल्या होत्या, त्या टेबलावर आपटल्या.

डॉक्टरांनी लेबलं वाचली आणि कपाळावर हात मारला. "मी दिलेली गोळी साधी लेवोडोपा आहे. हिच्यावर या टॉनिकांतलं बी-सिक्स जीवनसत्त्व घेतलंत की गोळीचा गुण वाटेतच संपतो, मेंदूपर्यंत पोचत नाही. ही टॉनिकं आजपासून बंद!"

परतीच्या बसमध्ये मी अख्ख्या डिचोलीचा उद्धार केला. घरी पोचताच मामींवर ओरडलो, "कोण हे दीडशहाणे? माणसाचा हात घालवतील! ओता सगळं गटारात!"

मामींनी फळीवरून एक रिकामी बाटली काढून माझ्या हातात दिली. तिच्यावर माझं नाव होतं; दुसऱ्यांचा उद्धार करताना आपणही टॉनिक आणतो हे मी विसरलोच होतो.

"बाकीचे महिन्यातनं एकदा येतात," मामी म्हणाल्या. "तू रोज येतोस रे पुता. तुझी रोज कमी झालेली दिसायला नको? तू आणलेली ही तिसरी."

मामा जमिनीकडे बघत होते. मी ती बाटली पिशवीत घातली.

टॉनिकं थांबली, गोळी लागू पडली. काही आठवड्यांनी मामा शिडीवर चढले, मी खाली शिडी धरून उभा. 'गोवा राज्य' सरळ उतरलं, फक्त शेवटच्या कान्याला हात जरा हलला. "दिसता रे?" त्यांनी त्या कान्याकडे कुंचला दाखवत वरून विचारलं. "नाही," मी म्हणालो. ते हसले.

पुढे दुखणं वाढलंच, ते काही कुणाला चुकवता आलं नाही. मामा गेले. खनिजाच्या ट्रकांच्या धुळीने पाटी लाल झाली, मग बदललीही. ती बाटली माझ्याकडे आहे. माझं नाव तिच्यावर थरथरत्या अक्षरात आहे, आणि मला ती टाकवत नाही.