पाटावर बसून शिकलेली भाषा

ताईचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या गंजगोलाईत ज्वारीचा भाव करत उभी होते. सुमनताई, माझी थोरली बहीण, भर दुपारी कधी फोन करत नाही. "शोभे, हे गेले गं," एवढंच म्हणाली. दुकानदार म्हणाला, "बाई, माप घालू का?" मी नको म्हटलं, घरी जाऊन दोन साड्या पिशवीत कोंबल्या आणि नांदेडची गाडी धरली. लोह्याच्या पुढे गेल्यावर मला रडू फुटलं. त्याच्या आधी, खोटं कशाला सांगू, माझ्या डोक्यात एकच हिशेब चालू होता, की या माणसाची मी चाळीस वर्षांत किती टिंगल केली असेल.

व्यंकटराव माझे दाजी. देगलूरचे. घरात तेलुगू, गल्लीत कानडी, बाजारात दखनी उर्दू आणि शाळेत मराठी, असं वाढलेले. नांदेडच्या एका शाळेत त्यांनी तीस वर्षं मराठी शिकवलं, पण त्यांचा जीव अडकलेला होता तो शब्दांच्या शेपट्यांत. प्रत्यय हा शब्द ते फक्त फळ्यावर लिहीत, तोंडाने शेपूटच म्हणत. मी लातूरच्या शाळेत गणित शिकवायचे, त्यामुळे शेपटांचं कौतुक मला कुठून असणार? "दाजी, माणसं जनावरांची शेपटं मोजतात, तुम्ही शब्दांची मोजा," असं म्हणून मी त्यांना छळायचे. ते हसायचे आणि पुढचं शेपूट काढून दाखवायचे.

एकदा त्यांचा वर्ग पाहिला मी. एक मुलगा 'घोडा' म्हणून उभा केला होता, एक मुलगी 'ला' म्हणून दारातून येत होती. ती येऊन त्याचा हात धरणार, तोच दाजी बोट वर करून ओरडले, "अरे घोड्या, वाक की जरा! पाहुणा आलाय." पोरगं गुडघ्यात वाकलं, सगळा वर्ग ओरडला, 'घोड्याला'. मग म्हणाले, तेलुगूत घर म्हणजे 'इल्लु', पण घरात म्हणायचं झालं की 'इंट्लो'. तिथंही घर पाहुण्यासाठी वाकलंच. दखनीवाला 'घोडे को' म्हणतो, तोही वाकला. कानडी 'मने'ला मात्र ताठा, ते वाकत नाही, नुसतं मध्ये एक 'य' पाट मांडल्यासारखा ठेवतं, 'मनेयल्ली'. घरी येताना रस्त्यात मला म्हणाले, "गणितबाई, चांगुलपणाचा 'पणा' बघा. तेलुगूत 'मंचितनं', कानडीत 'ओळ्ळेतन', दखनीत 'अच्छापन'. चांगला माणूस येतो नि जातो. मागं शेपूट लावलं की त्याची वस्तू होते, हातात धरता येते. या चौघांना कुणी एका वर्गात बसवलं होतं हो?" भर रस्त्यात ते थांबले होते आणि डोळे असे मोठे झाले होते, जणू आभाळात काही दिसलंय. मी म्हटलं, रिक्षा येतेय, बाजूला व्हा.

आता एक गोष्ट सांगायची, जी आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. ज्या माणसाला चार भाषा येत होत्या, त्याच्या घरात एकच चालायची, आणि तो नियम ताईचा होता. लग्न होऊन ती देगलूरला गेली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. सासू आणि नणंद नरसक्का चुलीपाशी तेलुगूत बोलायच्या आणि हसायच्या. ताईला वाटायचं, माझ्या भाकरीला हसतात, माझ्या माहेराला हसतात. हसत असतीलही, नसतीलही. पण नांदेडला बिऱ्हाड केलं त्या दिवशी तिने अट घातली, "या घरात मराठीच बोलायचं. तेलुगूचा एक शब्द न्हाई." दाजी म्हणाले, "बरं." आणि ते बरं त्यांनी चाळीस वर्षं पाळलं. पोरं मराठीत वाढली. दाजींची आई भेटायला आली तर ती बिचारी मोडकं मराठी बोलायची. नरसक्काचा फोन आला की दाजी उठून गच्चीवर जायचे. मी एकदा विचारलं, राग नाही आला? म्हणाले, "चपला दाराबाहेर काढतोच की आपण. त्यात राग कसला."

चार वर्षांपूर्वी त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, ती हळूहळू थोडी परत आली. पण बोलणं… ते कसं सांगू. शब्द सगळे होते. "पाणी… दे." "मी… झोप." "सुमन… चहा… गोड." प्रत्येक शब्द सरळ ताठ उभा, कुणी कुणाचा हात धरायला तयार नाही. डॉक्टर म्हणाले, शब्द शाबूत आहेत, जोडणी गेली. मला कळेल अशा भाषेत सांगायचं तर आकडे होते, अधिक-उणेची चिन्हं पुसली गेली होती. बोलता येत नाही यापेक्षा आपण चुकतोय हे त्यांना कळत होतं, ते वाईट होतं. चुकलं की डाव्या हाताने मांडीवर मारायचे आणि भिंतीकडे तोंड करायचे. पुढे पुढे त्यांनी बोलणंच सोडलं. सात महिने झाले. ताई एरवी रडणारी बाई नाही, पण फोनवर मला म्हणाली, "शोभे, मला शिव्या दिल्या तरी चालतील गं. पर बोला म्हणावं."

दिवाळीनंतर नरसक्का भावाला बघायला आली. मी तिथंच होते. पंच्याहत्तरीची बाई, जिना चढून धापा टाकत आली, चपला काढल्या, सरळ त्यांच्यापाशी बसली आणि सवयीने विचारून गेली, "तिन्नावा रा?" म्हणजे जेवलास का रे. घराचा नियम तिला आठवला असावा, कारण तिने लगेच तोंडाला पदर लावला. पण तोवर दाजींनी मान वळवली होती. "तिन्नानु," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "एप्पुडु वच्चावु?"

ताई दारात चहाचा ट्रे घेऊन उभी. "काय म्हणले?" तिने विचारलं. नरसक्का रडत रडत म्हणाली, "जेवलो म्हणला. तू कधी आलीस म्हणला." जेवलो. आलीस. सात महिने जी शेपटं आम्ही नवस बोलून मागत होतो ती सगळी तिथं होती, जागच्या जागी, आईच्या भाषेत. तीस वर्षं पोटापाण्यासाठी वापरलेली भाषा वाहून गेली होती आणि चाळीस वर्षं घरात तोंडातून न काढलेली तशीच तळाशी राहिली होती. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, होतं असं कधीकधी. त्यांचं तेवढ्यात भागलं. माझं अजून भागलेलं नाही.

ताईने ट्रे खाली ठेवला आणि आत गेली. मला वाटलं चिडली. मी मागून गेले तर ओट्याला धरून उभी होती. "हे दार म्याच लावलं व्हतं," एवढं म्हणाली. तोंड धुतलं, बाहेर आली आणि ज्या नणंदेशी चाळीस वर्षं तुटक वागली तिच्यासमोर जाऊन बसली. "वन्सं, मला शिकवा." नरसक्का म्हणाली, "ह्या वयात?" ताई म्हणाली, "मग कवा? मेल्यावर?"

नरसक्का महिनाभर राहिली. नंतर फोनवर शिकवणं चालू राहिलं. दाजी खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत आणि ताई त्यांच्यासमोर खाली पाटावर, मांडीवर वही. साठी उलटलेली बाई, गुडघे दुखणारी, सकाळी पोळ्या लाटताना पुटपुटायची, मी येते, तू येतोस, ते येतात. चुका तर विचारू नका. एकदा दाजी न्हाणीघरातून बाहेर आले तर ही नरसक्काला फोनवर सांगते, "वच्चिंदी, वच्चिंदी!" तेलुगूत बाई आली की 'वच्चिंदी' आणि म्हैस आली तरी 'वच्चिंदी'. नवऱ्यासाठी ते शेपूट चालत नाही. दाजी भिंतीला धरून हसायला लागले. झटक्यानंतर पहिल्यांदा हसले. ताई भडकली, "ही कसली भाषा म्हणायची? बाईला आन् म्हशीला एकच?" तर ते हसता हसता थांबले, डावं बोट वर केलं आणि सावकाश म्हणाले, "वच्चारु." म्हणजे, ते आले. ते बोट मी ओळखलं. वर्गातलं होतं.

त्या दिवसापासून घरात शाळा भरली. ती चुकायची, ते बोट वर करायचे. भिंतीकडे तोंड करणं थांबलं. मी गेले की दोघं माझ्यासमोर तेलुगूत बोलायचे, भाजीत मीठ जास्त झालंय, ही बाई किती दिवस राहणार आहे, असलं काहीतरी, आणि मी मध्येच बसून दोघांच्या तोंडाकडे बघायचे. मराठी मात्र परत आली नाही. सुटे शब्द तेवढे. सुंदर डोंगर, मोठी धरणं, तारे, सगळं पाहिलंय मी आयुष्यात. पण वेताच्या खुर्चीतला माणूस आणि पाटावरची माझी बहीण बोलताना पाहून मला जे नवल वाटायचं, तसं कशाचंच वाटलं नाही. ज्यांना मी शेपटं म्हणून हसत होते, त्यांच्याच आधाराने दोन माणसं एकमेकांपर्यंत पोचत होती. दाजींना हे मी कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

तेराव्यानंतर मंडळी पांगली. पंधरा दिवसांनी मी परत नांदेडला गेले. खुर्ची तिथंच, खिडकीपाशी. ताई समोर पाटावर बसून शेंगा सोलत होती. "ताई, वर बस की, गुडघे दुखत्यात तुझे," मी म्हटलं. "न्हाई. हितं बसायची सवय झालीय," ती म्हणाली. मग शेंगा सोलता सोलता, माझ्याकडे न बघता बोलायला लागली. जाण्याच्या आधीच्या आठवड्यात तिने नरसक्काला विचारलं होतं, माफ करा कसं म्हणतात. नरसक्का म्हणाली, एवढा मोठा शब्द घरात कशाला, 'एमी अनुकोकंडि' म्हण, मनात काही ठेवू नका. ताईने ते दोन दिवस घोकलं. तिसऱ्या दिवशी पाटावर बसली आणि म्हणाली.

"मग?" मी विचारलं.

"मग लई येळ बघत राहिले माझ्याकडं. मला वाटलं, चुकलं का काय. बोट काय वर केलं न्हाई. हात ठेवला माझ्या डोक्यावर आन् एकेक अक्षर जुळवत, मराठीत म्हणले, 'सुमन… तू… चांगली… शिकलीस.'"

तिने शेंगांची टरफलं पदरातून झटकली.

"चार वर्षांत मराठीतलं एवढंच एक पुरं वाक्य, शोभे. आन् ते बी मला पास करण्यात घालवलं."