तीन मजले खाली

अग्निशमन केंद्रात नवी भरती झालेली पोरं त्याला ‘दादा’ म्हणायची तोवर सगळं ठीक चाललं होतं. एका वर्षी ती ‘काका’ म्हणायला लागली आणि बंबवाल्याचं डोकं फिरलं. कोणी ठरवून केलं नव्हतं हो. केस पिकले, पोट पट्ट्यावरून डोकावायला लागलं आणि जिना चढून आल्यावर हा माणूस बोलायच्या आधी दोन क्षण थांबायला लागला, एवढंच. पण त्याला ते झोंबलं. चोवीस वर्षं बंबावर काढलेला गडी, घंटा वाजली की इतरांचे बूट सापडायच्या आत गाडीत बसलेला असायचा. त्याला काका म्हणजे फारच झालं.

त्यात खात्याचा नियम. पन्नाशी ओलांडली की दरवर्षी चाचणी द्यायची. सरावाच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर साठ किलोचं बाहुलं ठेवलेलं असतं. खालून धावत वर जायचं, बाहुलं खांद्यावर आडवं टाकायचं आणि तीन मिनिटांच्या आत खालच्या गादीवर आणून ठेवायचं. लागोपाठ दोन वर्षं हुकलं की बंबावरून उतरायचं आणि नियंत्रण कक्षात टेलिफोनपाशी बसायचं. गेल्या वर्षी तो बावीस सेकंदांनी हुकला होता. टेलिफोनपाशी बसण्यात कमीपणा काहीच नाही, पगारही तोच. पण बंबवाल्याच्या लेखी ती जिवंतपणी भिंतीवर फोटो लावण्याची गोष्ट होती. त्याला बंबावर राहायचं होतं, बस्स.

मग माणूस इरेला पेटला. पाचला उठायचं, दोरीवरच्या उड्या मारायच्या, बैठका काढायच्या, वर पाऊण तास पळायचं. साखर बंद. आग विझवून परतल्यावर केंद्रामागे उभं राहून ओढायची ती सिगारेट बंद. दुपारची डुलकी बंद. फ्रिजच्या दारावर एक तक्ता चिकटला, त्यात वजन, कंबर आणि किती अंडी खाल्ली त्याची नोंद. दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसला तरी तिथे टाचा वरखाली करायचा. लेक परगावी शिकायला होती. ती फोनवर म्हणाली, बाबा, तुम्ही हल्ली अभ्यासाचं विचारतच नाही, पाणी किती प्यायलीस तेवढंच विचारता.

बायको पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करायची. दिवसभर गळ्यात टेप, पुढ्यात कापडाचे ढीग, आणि ‘खिडकी साधारण एवढी आहे’ असं हात पसरून सांगणारी गिऱ्हाइकं. ती सातला घरी यायची. मग ज्या दिवशी त्याची ड्यूटी नसेल त्या दिवशी दोघांनी कोपऱ्यावरच्या बाकावर बसायचं, एक बिस्किटाचा पुडा संपवायचा आणि भेटलेल्या समस्त लोकांची यथेच्छ टवाळी करायची, ही वीस वर्षांची सवय. व्यायाम सुरू झाला आणि हा पठ्ठ्या साडेआठलाच घोरायला लागला. बिस्किटाला तर तो विषच म्हणायचा. तिने आठवडाभर एकटीने पुडा संपवून पाहिला, मग एक दिवस तिचा पारा चढला. या घरात नवरा राहतो की तक्ता, असं तिने तोंडावर विचारलं. त्याने खाली मान घालून ऐकून घेतलं आणि उठून पन्नास बैठका काढल्या. आता या माणसाला काय म्हणावं!

वजन उचलायचा सराव म्हणून त्याने वाळूचं पोतं आणलं होतं. ते तो राहत्या इमारतीच्या जिन्यावरून खाली आणायचा. चौथ्या दिवशी पोतं दुसऱ्या मजल्यावर उसवलं. तिथे एक निवृत्त मास्तर राहायचे, त्यांच्या दारातल्या चपलाबुटांत वाळू भरली. मास्तरांनी शांतपणे बूट उलटा करून दाखवला आणि दार लावून घेतलं. बायकोने जिना झाडला. झाडता झाडता तिचं तिलाच हसू आलं. ती म्हणाली, माझं वजन अठ्ठावन्न आहे, मला उचला. मी उसवणार तरी नाही.

त्याला वाटलं, चेष्टा करतेय. पण दुसऱ्या दिवशी सहा वाजता ती कमरेला पाण्याच्या दोन बाटल्या बांधून तिसऱ्या मजल्यावर, स्वतःच्या दारात, हजर. बाटल्या कशाला, तर साठ भरायला हवेत म्हणून. मापात ती कच्ची नव्हती. त्याने तिला खांद्यावर आडवी घेतली. पहिल्या दिवशी दोघं एवढी हसली की पहिल्या वळणावरच त्याला तिला उतरवावं लागलं. मास्तरांनी दार उघडून डॉक्टरला बोलावू का, असं विचारलं. आठवड्याभरात त्यांनाही सवय झाली. ते दूध घ्यायला बाहेर यायचे, या दोघांना वाट द्यायचे आणि खांद्यावर लटकलेल्या बाईंना नमस्कार करायचे. बाईही उलट्या डोक्याने नमस्कार करायच्या.

बाकावरच्या गप्पा आता खांद्यावर सुरू झाल्या. कोणत्या गिऱ्हाइकाने शिवलेला पडदा परत आणला, लेकीला सुट्टी कधी लागणार, नळ दुरुस्त करणारा पुन्हा कसा टांग मारून गेला, सगळं तीन मजल्यांत उरकायचं. चार फेऱ्या व्हायच्या. दोन फेऱ्यांच्या मध्ये जिन्यावर बसून दम खायचा, पाणी प्यायचं. तो माणसात आला. तिचीही कुरकुर थांबली, दुकानात ती गुणगुणायला लागली. तक्त्यात एक नवा रकाना आला, वेळेचा. पावणेचार मिनिटं, साडेतीन, सव्वातीन. चाचणीच्या आदल्या आठवड्यात दोन मिनिटं बावन्न सेकंद. त्या दिवशी त्याने स्वतः बिस्किटाचा पुडा आणला. एकच खाल्लं, पण खाल्लं.

चाचणीच्या दिवशी तो खुशीत होता. केंद्राचे साहेब घड्याळ घेऊन खाली उभे. हे साहेब पंधरा वर्षांपूर्वी याच्याच हाताखाली पाइप गुंडाळायला शिकले होते. बंबवाला वर धावला तो झकास. बाहुलं उचललं तेही झकास. पण पहिल्याच वळणावर बाहुलं घसरलं. त्याने ते वर सरकवलं. दुसऱ्या वळणावर बाहुल्याचे पाय कठड्यात अडकले. पुढे ते पाठीवरून असं खाली ओढायला लागलं की गुडघ्यातून कळ थेट कमरेत गेली. त्याला कळेचना. वजन तर तेच आहे, जिना तसाच आहे, मग हे आज खांद्यावर का बसत नाही? खाली पोचला तेव्हा तीन मिनिटं एकोणपन्नास सेकंद झाले होते.

साहेबांनी पोरांना पांगवलं. त्याला पाणी दिलं. मग हळूच विचारलं, सराव कशावर करत होता? त्याने सांगितलं. साहेब हसले नाहीत.

“काका, जिवंत माणूस धरून राहतो,” ते म्हणाले. “बाहुलं धरत नाही.”

मग त्यांनी वही मिटली. आजचं मी लिहीत नाही, बाहुल्याचा पट्टा तुटला होता असं दाखवतो, महिन्याने पुन्हा या, असं ते म्हणाले. बंबवाल्याने मान हलवली आणि तो घरी आला.

बायको दुकानातून आली ती दारातूनच काय झालं म्हणून विचारत. त्याने सांगितलं. तिचा चेहरा पडला, पण तिला नवल वाटलेलं दिसलं नाही, आणि ते त्याच्या नजरेतून सुटलं नाही. त्याने सरळ विचारलं, तू वर असताना काय करायचीस?

तिने आढेवेढे घेतले नाहीत. एका हाताने ती त्याचा पाठीमागचा पट्टा घट्ट धरायची. वळण आलं की पाय आखडून घ्यायची. आणि दुसऱ्या महिन्यापासून, दर पायरीला, मोकळा हात कठड्यावर दाबून स्वतःचा भार त्यावर टाकायची.

“तुमचा गुडघा वाजायचा,” ती म्हणाली. “तुम्हाला धापेत ऐकू येत नसेल. मला दर पायरीला ऐकू यायचं.”

“मग सांगायचं नाही?”

“सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा एकटे पळायला गेला असता. मला ती सकाळ हवी होती.”

तो भडकला. चोवीस वर्षांच्या नोकरीशी खेळलीस, पोरांसमोर माझी शोभा केलीस, असं नाही नाही ते बोलला. ती म्हणाली, चुकलं माझं, पण मला तुम्ही हवे होता आणि तुम्ही कुठे सापडतच नव्हता. एवढं बोलून ती रडली. तो जाऊन गॅलरीत बसला. दोन दिवस घरात ताटवाटीचाच काय तो आवाज. रागाच्या तळाशी त्याला भीती वाटत होती. राग बायकोचा होता आणि भीती गुडघ्याची, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर तो राग सोडायला तयार नव्हता.

तिसऱ्या दिवशी सहा वाजता त्याने तिला हाक मारली. बाटल्या बांध म्हणाला. आज काही धरायचं नाही. पट्टा नाही, कठडा नाही. बेशुद्ध माणूस असतो तशी पडून राहा, मी ओरडलो तरी.

तिने हात सोडून दिले. पहिला जिना तो उतरला. अंगातून घाम निथळत होता, तिचे हात पाठीवर लोंबत होते आणि गुडघा वाजत होता. आता त्यालाही ऐकू आलं. तिने डोळे मिटून घेतले होते. कठडा तिच्या बोटांपासून वीतभर अंतरावरून जात होता आणि तिने तो धरला नाही. लग्नानंतर तिने याच्यासाठी बरंच काही केलं होतं, पण एवढं जड काम तिला कधी पडलं नव्हतं. दुसऱ्या मजल्याच्या खालच्या वळणावर त्याचा पाय लटपटला. त्याने भिंतीला खांदा टेकला, तिला कशीबशी पायरीवर बसवली आणि शेजारी बसला. मास्तर पिशवी घेऊन बाहेर आले, दोघांचे चेहरे पाहिले आणि तसेच आत गेले.

“अजून महिना आहे,” ती म्हणाली. “आपण रोज असंच करू. मी नाही धरणार.”

“महिन्याने एकदा जमेलही,” तो म्हणाला. “साहेब घड्याळ जरा उशिरा दाबतील. पण पुढच्या आगीत वर बेशुद्ध पडलेलं कोण असेल?”

तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. गुडघा सुजला होता.

त्याच दिवशी तो साहेबांच्या खोलीत गेला आणि नियंत्रण कक्षात बदलीचा अर्ज मागून घेतला. साहेबांनी पुन्हा महिन्याची आठवण करून दिली, घाई काय आहे म्हणाले. त्याने खुर्ची ओढली आणि लिहायला बसला. नाव, हुद्दा, नोकरीची वर्षं झटक्यात झाली. कारणाच्या रकान्यापाशी पेन थांबलं. बाहेर पोरं बंब धूत होती, पाण्याचा आवाज येत होता. मग त्याने लिहिलं: खांद्यावरचा माणूस मला धरू शकत नसेल, तर मी त्याला खाली आणू शकत नाही.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. कधीपासून, असं त्यांनी विचारलं. उद्यापासून, तो म्हणाला.