जपूनरावांनी सांभाळलेलं यंत्र

पर्यावरण रक्षणासाठी राष्ट्रीय प्राधिकरण स्थापन झालं, तेव्हा आधी अध्यक्ष आले, मग अध्यक्षांना शोभेल अशी खुर्ची, मग खुर्चीला शोभेल असं टेबल. काम कधी येणार, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

या सामानाची राखण करायला जे स्टोअरकीपर आले, त्यांना सगळे जपूनराव म्हणत. सरकारी वस्तू कुणाला वापरू द्यायची नाही, हेच त्यांचं आयुष्यभराचं कर्तृत्व. जुन्या खात्यात आग लागली, तेव्हा गृहस्थाने सगळ्यात आधी आग विझवायचा सिलिंडर वाचवला होता!

या नव्या प्राधिकरणात मात्र त्यांचा खरंच जीव अडकला होता. घरासमोर लोखंड ओतायचा कारखाना होता आणि त्याच्या धुराने बायकोची छाती पार कामातून गेली होती. बोलता बोलता तिला मध्येच थांबावं लागे. घर बदलायची ऐपत नव्हती.

"हवा मोजायचं यंत्र येतंय," त्यांनी तिला सांगितलं. "आपल्याच गच्चीवर बसवणार आहेत. एकदा आकडे आले की कारखान्याला टाळं लागलंच समज."

यंत्र आलं. परदेशी, पांढरंशुभ्र. जपूनरावांनी ते चारी बाजूंनी न्याहाळलं. हे गच्चीवर ठेवायचं? त्या धुरात? चार दिवसांत काळंठिक्कर होईल, आणि ताब्यात घेतल्याची सही आपली!

"साहेब, उद्घाटनाचे पाहुणे येऊन जाऊ देत, मग हलवू," ते म्हणाले. अध्यक्षांनाही यंत्राचे हिरवे दिवे आवडले होते. मग काय, आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय. यंत्र अध्यक्षांच्या एसी खोलीत, प्लास्टिकच्या आवरणाखाली सुरू झालं आणि तिथेच मुक्कामाला राहिलं.

"कधी बसवणार हो?" बायको विचारायची.

"बसवू गं. घाई करून वस्तूचं वाटोळं करायचं का?"

पुढे कारखान्याने दुसऱ्या धुराड्याची परवानगी मागितली. गल्लीत सुनावणी झाली. अध्यक्षांनी घसा साफ करून जाहीर केलं, "आमच्या आकड्यांप्रमाणे इथली हवा देशात सर्वोत्तम आहे."

जपूनरावांची बायको खोकतच उभी राहिली. "कुठली हवा मोजलीत, साहेब?"

अध्यक्षांनी जपूनरावांकडे पाहिलं. त्यांची मान खाली गेली. "यंत्र आतच होतं, साहेब. तुमच्या खोलीत."

"बिघडलं तर नाही ना?"

"छे! अगदी नवंकोरं आहे."

"मग आकडे बरोबरच असणार," असं म्हणून अध्यक्षांनी परवानगी देऊन टाकली आणि गाडीत जाऊन बसले. अकलेचं दिवाळं निघालं, तरी यांची खुर्ची शाबूत!

लोक पांगले. जपूनराव बायकोजवळ आले. ती बराच वेळ धापा टाकत राहिली. मग म्हणाली, "यंत्राला धूर लागू नये म्हणून केवढा जीव टाकलात हो. आणि मी रोज तो धूर गिळत होते, ते नाही दिसलं तुम्हाला?"